आधी धरा, मग कापा!

हॉबी सी.एन.सी. राउटर बघायला कोणी आलं की प्रश्न ठरलेले असतात. मोटर किती वॉटची? कंट्रोलर कुठला? सॉफ्टवेअर फुकट की विकत? पण "अरे, ती फळी धरून कशी ठेवता?" असं विचारणारा शंभरात एखादाच, आणि तो हमखास सुतार निघतो! कारण त्याला पक्कं माहीत असतं की हत्यार कितीही धारदार असलं तरी लाकूड हललं की कामाचा बट्ट्याबोळ.

तर मित्रांनो, हा लेख त्या धरून ठेवण्याबद्दलच आहे. म्हणजे क्लँपबद्दल. मराठीत याला 'शिकंजा' असा झकास शब्द आहे. आप्पा बळवंत चौकातली पुस्तकं ज्या बाइंडरकडे बांधली जातात, त्याच्याकडेही पानं दाबून धरणारा शिकंजाच असतो. आपला शिकंजा त्या मानाने अगदी छोटा, हाताच्या पंजात मावणारा. पण मशिनवरचा सगळ्यात स्वस्त पार्ट असूनही सगळ्यात महागाचं नुकसान वाचवणारा!

मेकॅनिकलवाल्यांनी क्षमा करावी, पण बाकीच्या ब्रँचसाठी थोडी ओळख. ड्रिल मशिनचं बिट सरळ खाली जातं आणि भोक पाडतं. राउटरचं बिट गरगर फिरत फिरत आडवं चालतं आणि वाटेतलं लाकूड खरवडत जातं. कॉम्प्युटरच्या हुकमाने हे बिट पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली चालवलं की झाला सी.एन.सी. राउटर. २००९ साली जीआरबीएल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलं. ते आर्डुइनोच्या तळहाताएवढ्या बोर्डवर चालतं. त्यानंतर असं मशिन घरी बांधणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आलं.

आमच्या ग्रुपचं मशिन शनिवार पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर आहे. बेड ६०० बाय ६०० मि.मी. आणि खोली दहा बाय दहा फूट. गणपतीच्या आधीचे दोन महिने त्याला उसंत नसते. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवरही बंदी आणली, त्यात सजावटीचा थर्माकोल आला. मग प्लाय आणि एमडीएफच्या मखरांना मागणी वाढली. कमानी, जाळी, महिरप, मोर ही सगळी राउटरची आवडती कामं. आणि यात प्रत्येक कामाला फळी धरून ठेवावी लागते.

सुटलं तर काय होतं?

ओळखीच्या एका मुलाच्या मशिनवर प्लायचा चार इंची तुकडा क्लँपमधून सुटला. फिरत्या बिटने तो उचलला आणि फेकला. समोरच्या भिंतीच्या गिलाव्यात अंगठा जाईल एवढा खळगा पडला. पाच मिनिटांपूर्वी त्याच जागी त्याची धाकटी बहीण उभी राहून बघत होती. तेव्हा हा विषय फक्त 'फिनिश चांगलं येण्याचा' नाही, एवढं लक्षात घ्या.

फळीवर तीन गोष्टी एकदम होत असतात. एक, बिट तिला आडवं ढकलतं, आणि मशिन वळलं की ढकलण्याची दिशाही बदलते. दोन, 'अपकट' प्रकारचं बिट भुसा वर काढताना फळीलाही वर ओढतं ('डाउनकट' उलट खाली दाबतं). तीन, थरथर. थरथरीने नट हळूहळू सैल होतात.

आडवा जोर किती असेल? याचा वरचा अंदाज मोटरच्या पाटीवरूनच काढता येतो. समजा मोटर ५०० वॉटची आणि स्पीड १२,००० आरपीएम. म्हणजे सेकंदाला २०० फेरे, किंवा साधारण १,२५७ रेडियन. ५०० भागिले १,२५७ म्हणजे ०.४ न्यूटन-मीटर टॉर्क. बिट ६ मि.मी.चं, त्याची त्रिज्या ३ मि.मी. ०.४ ला ०.००३ ने भागा. उत्तर येतं सुमारे १३३ न्यूटन. म्हणजे साडेतेरा किलोचा ओढा! नेहमीच्या कटमध्ये तो याहून बराच कमी असतो. पण बिट अडकलं तर क्षणभर याच्याही वर जाऊ शकतो. म्हणून दुप्पट-तिप्पट धरून चालायचं.

आता गंमत बघा. क्लँप दाबतो वरून खाली, आणि फळीला ढकलणारा जोर आहे आडवा. मग क्लँप त्याला अडवतो कसा? घर्षणाने! लाकडावर लाकडाचा घर्षणगुणांक साधारण ०.३ धरू. म्हणजे क्लँपने १०० न्यूटन दाबलं तर आडव्या जोराला फक्त ३० न्यूटनचा विरोध मिळतो. म्हणून नुसतं 'जरासं दाबून धरलं' चालत नाही.

बादली आणि काठी

साधा क्लँप म्हणजे एक पट्टी. तिचं पुढचं टोक फळीवर टेकतं, त्याला आपण चोच म्हणू. मागचं टोक एका ठोकळ्यावर टेकतं, ती टाच. मध्ये भोक, त्यातून बोल्ट जातो आणि पट्टीला खाली ओढतो.

दोन जणांनी काठीला पाण्याची बादली अडकवून नेली आहे, असं डोळ्यांसमोर आणा. बादली ज्याच्या जवळ, त्याच्या खांद्यावर जास्त भार. इथे बोल्ट म्हणजे बादली, आणि चोच आणि टाच म्हणजे ते दोघं. आपल्याला भार चोचीवर हवाय. म्हणजे बोल्ट चोचीजवळ पाहिजे. किती सोपं आहे! पण अर्ध्याहून जास्त ठिकाणी बोल्ट उलटा, टाचेजवळ लावलेला दिसतो, कारण तिथे हात सहज पोचतो.

आकडे घालून बघू. एम ६ चा बोल्ट हाताच्या मुठीने पिळला तर आरामात १ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. बोल्टमधला ओढा काढायचं ढोबळ सूत्र असं: टॉर्क भागिले (०.२ गुणिले बोल्टचा व्यास). १ भागिले (०.२ × ०.००६) म्हणजे ८३३. आपण ८०० न्यूटन धरू. चोच बोल्टपासून २५ मि.मी. आणि टाच ५० मि.मी. असेल, तर चोचीवर ८०० × ५० ÷ ७५ म्हणजे ५३३ न्यूटन येतात. बोल्ट टाचेकडे सरकवून अंतरं उलटी केली की तेच २६७ होतात. बोल्ट तोच, हात तोच, पकड अर्धी!

आता १३३ न्यूटनशी ताडून पाहा. योग्य जागी बोल्ट असलेले चार क्लँप: ५३३ × ०.३ × ४, म्हणजे सुमारे ६४० न्यूटनचा विरोध. जवळजवळ पाचपट. झोपा निवांत. पण चुकीच्या जागी बोल्ट असलेले दोन क्लँप: २६७ × ०.३ × २, म्हणजे १६०. काठावर पास! त्यातून अपकट बिटने थोडं वर ओढलं आणि एक नट थरथरीने सैल झाला, की फळी निघाली फिरायला.

लाकडाचाच का?

विकत मिळणारे क्लँप बहुतेक धातूचे असतात. दिसायला भारी. पण कधी ना कधी प्रोग्राममधल्या एका आकड्यामुळे बिट क्लँपवर जाणारच, हे धरून चाला. स्टीलवर गेलं तर बिट तुटतं आणि त्याचा तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. तोच क्लँप लाकडाचा असेल तर बिट त्याला कापत निघून जातं. क्लँप गेला, बिट वाचलं, डोळा वाचला. दहा मिनिटांत दुसरा क्लँप तयार. आपला क्लँप हा ठरवून केलेला बळीचा बकरा आहे! (बोल्ट मात्र लोखंडाचाच राहतो, तेव्हा बिटची वाट बोल्टपासून लांबच ठेवा.)

दुसरं म्हणजे स्वतः केलेला क्लँप आपल्या कामाच्या मापाचा होतो. आपल्या पुणे जिल्ह्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिकण्यासाठी. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली, अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या बाहेरची पहिली. तिथली मूळ कल्पना हीच की लागणारी वस्तू आपण आपल्या हाताने करायची. त्या मानाने क्लँप म्हणजे बालवाडी.

साहित्य

१८ मि.मी. जाडीचे सागवानाचे किंवा इतर कठीण लाकडाचे तुकडे. सुताराकडे उरलेले पडलेले असतात, नाहीतर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच. एम ६ बोल्ट, मोठे वॉशर आणि टी-नट रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील. सायकलची जुनी ट्यूब. एरल्डाइट. १८ मि.मी. एमडीएफची एक शीट बेडसाठी. हत्यारं: करवत, कानस, गुण्या, ड्रिल, पॉलिश पेपर. कानस आणि गुण्या जुन्या बाजारात चाळून घेतलेत तर उत्तम, फक्त तिथे भाव करताना तोंडावर उत्साह दाखवू नका.

कृती

१. पट्टी १०० मि.मी. लांब आणि ४० मि.मी. रुंद कापा. लाकडाचे रेषे पट्टीच्या लांबीच्या दिशेने गेले पाहिजेत. ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. वरच्या हिशोबात बोल्टपाशी पट्टीवर ५३३ × २५ म्हणजे सुमारे १३,३०० न्यूटन-मि.मी.चा वाकवणारा मोमेंट येतो. खाच सोडून रुंदी ३३ आणि जाडी १८ धरली तर ताण साडेसात मेगापास्कलच्या आसपास निघतो. रेषांच्या दिशेने सागवान याच्या कितीतरी पट सहन करतं. रेषांना आडवं मात्र एवढ्या ताणाला उभं चिरतं. तुकडा तोच, फक्त ९० अंशांत फिरवून कापला, तर बिस्किटासारखा मोडतो.

२. बोल्टसाठी गोल भोक न करता ७ मि.मी. रुंदीची लांब खाच करा. दोन टोकांना दोन भोकं पाडा, मधलं लाकूड करवतीने काढा, कानशीने साफ करा. खाच चोचीपासून २० मि.मी.वर सुरू करून ४० मि.मी. लांब ठेवा. मग काम लहान-मोठं असलं तरी बोल्ट चोचीजवळ आणता येतो.

३. चोचीच्या खालच्या बाजूला ट्यूबचा तुकडा चिकटवा. रबराने घर्षण वाढतं आणि मखराच्या पॉलिशवर वळ उठत नाहीत.

४. टाचेचा ठोकळा. याची उंची फळीच्या जाडीइतकी किंवा केसभर जास्त हवी. टाच खाली राहिली तर पट्टी मागे कलते, चोच वर उचलते आणि फळीची फक्त कड दाबली जाते, वर बोल्टही वाकतो. ३ आणि ६ मि.मी. प्लायचे छोटे चौकोन करून डबीत ठेवा. एकावर एक रचले की हवी ती उंची.

५. मूठ. प्लायची ५० मि.मी.ची चकती कापा, मध्ये षटकोनी खळगा करा, त्यात बोल्टचं डोकं एरल्डाइटने बसवा. पाना शोधायची कटकट संपली. पहिले चार क्लँप हाताने करा, पुढचे आठ मशिनकडूनच कापून घ्या!

६. बेड. एमडीएफच्या शीटवर ७५ मि.मी. अंतराने उभी-आडवी भोकं पाडा. ६०० च्या बेडवर सात गुणिले सात, म्हणजे ४९. टी-नट खालच्या बाजूने ठोका. मग बोल्ट जितका पिळाल तितका टी-नट आत रुततो. वरून ठोकलात तर पहिल्याच पिळाला उपटून हातात येईल. बोल्टची लांबी मोजून घ्या. फार लांब बोल्ट खालच्या फ्रेमवर टेकतो आणि फळी दाबण्याऐवजी अख्खा बेडच वर उचलतो.

वरून दाबता येत नसेल तर?

कधी फळीचा पूर्ण वरचा पृष्ठभाग कोरायचा असतो, उदाहरणार्थ घराच्या नावाची पाटी. (पुण्यात पाट्यांना मरण नाही.) तिथे वरून क्लँप लावला तर अक्षरावरच येतो. मग बाजूने दाबायचं.

यासाठी पाचर. पंचतंत्रातल्या माकडाने ओंडक्यातली पाचर उपटली आणि जीव गमावला, ती गोष्ट आठवते ना? पाचरीत किती जोर कोंडलेला असतो ते त्या माकडाला उशिरा कळलं. बेडवर एका बाजूला सरळ पट्टी पक्की करा. दुसऱ्या बाजूला तिरकी पट्टी पक्की करा आणि तिच्या व फळीच्या मध्ये तेवढ्याच तिरक्या उताराची पाचर ठोका. घर्षणगुणांक ०.३ असेल तर साधारण १७ अंशांपर्यंतचा उतार आपोआप सरकत नाही. पण थरथर असते, म्हणून आपण ७ अंश घ्यायचा. म्हणजे आठास एक: ८० मि.मी. लांबीत १० मि.मी. चढ.

दुसरा उपाय कॅम. ५० मि.मी.ची गोल चकती, पण बोल्टचं भोक मध्यापासून ३ मि.मी. बाजूला. चकती फिरवली की तिची कड पुढे सरकते आणि फळीला दाबते. ३ ला २५ ने भागलं तर ०.१२ येतं, ते ०.३ पेक्षा बरंच कमी, म्हणून कॅम जागच्या जागी अडकून राहतो. भोक ८-१० मि.मी. बाजूला घेतलंत तर सरक जास्त मिळेल, पण थरथरीने कॅम उलटा फिरून सुटेल.

बाजूने दाबलेल्या फळीला वर उचलणारा जोर फारसा अडवला जात नाही. तेव्हा इथे डाउनकट बिट वापरा आणि कट उथळ ठेवा.

क्लँपच्या हातात नसलेली गोष्ट

हे बहुतेक नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. क्लँप शीटला धरतो, शीटमधून कापलेल्या मोराला नाही! शेवटचा कट पूर्ण झाला त्या क्षणी मोर मोकळा होतो आणि बिट अजून त्याच्या शेजारी फिरतच असतं. गिलाव्यात गेलेल्या वर सांगितलेल्या तुकड्यासारखेच असे मोकळे झालेले भागही उडतात.

म्हणून प्रोग्राममध्ये टॅब ठेवायचे. कट पूर्ण न करता तीन-चार ठिकाणी ५-६ मि.मी. रुंद आणि मि.मी.-दीड मि.मी. जाड असे पूल शिल्लक ठेवायचे. काम झालं की पटाशीने तोडा आणि पॉलिश पेपर मारा. तुकडे फार बारीक असतील तर मास्किंग टेपची एक पट्टी बेडवर, एक फळीच्या पोटाला आणि दोन्हींच्या मध्ये फेविक्विक. धरतं छान, निघतंही साफ.

बटण दाबण्याआधी

क्लँप आवळताना ताकद दाखवू नका. पातळ प्लायच्या फक्त चार कडा जोरात दाबल्या की पोट वर येतं. मग कोरीव काम कडेला उथळ आणि मध्ये खोल होतं आणि दोष मशिनला मिळतो. क्लँप समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळा.

मशिन एका कटवरून दुसऱ्या कटवर जाताना बिट उचलून सुसाट जातं. ती उचललेली उंची सगळ्यात उंच मुठीपेक्षा किमान ५ मि.मी. जास्त ठेवा. मोटर बंद ठेवून, बिट वरच्या वर ठेवून प्रोग्रामची बाहेरची चौकट एकदा फिरवून बघा. क्लँप वाटेत येतो का, ते डोळ्यांनी दिसतं.

मग दोन्ही हातांनी फळी जोरात ढकला, चारही दिशांनी. तसूभर जरी हलली तरी पुन्हा आवळा. हाताला हलते ती मोटरला काय ऐकणार? मोठ्या कामात मध्ये एकदा मशिन थांबवा, बिट पूर्ण थांबू द्या आणि मुठी तपासा. चष्मा आणि मास्क लावा. एमडीएफचा भुसा नाकात जाण्यासारखा नाही. आणि बघायला आलेली पोरंटोरं दाराबाहेर.

नदीकाठच्या पेठेतल्या जुन्या वाड्यात पावसाळ्यात ओल असते. एमडीएफ ती पितो आणि फुगतो. नेमका त्याच सुमारास मखरांचा सीझन. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये एकदा मोठं बिट लावून बेडचा वरून अर्धा मि.मी. थर काढून टाका, म्हणजे बेड पुन्हा सपाट. आणि हो, हे सगळं दुपारी १ ते ४ सोडून! त्या वेळात पेठेत राउटर चालवला तर कुठलाही क्लँप तुम्हाला वाचवू शकणार नाही.

हे सगळं एका रविवारचं काम आहे. सकाळी लाकूड आणा, संध्याकाळपर्यंत चार क्लँप होतात. पाचर आणि कॅम पुढच्या रविवारी. आमचे नमुने, एक बिटने अर्धा खाल्लेला क्लँप धरून, वर्कशॉपमध्ये खिडकीजवळच्या कपाटात ठेवले आहेत. हातात घेऊन बघा, मापं उतरवून घ्या. फक्त परत जागेवर ठेवा!